रेजीन वहिनीची तार

रेजीन वहिनी रेडिओकडे पाठ करून बसायची. बाकीची माणसं रेडिओच्या तोंडासमोर बसतात, काट्याकडे बघत राहतात. ही भिंतीकडे तोंड करून, पाय पसरून बसणार. कोणी विचारलं तर म्हणायची, "बघत बसला का कान झोपतान. मना काय पेटीचं लगीन लावायचं हाय?"

रेजीन म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ समुद्रात गेला तो परत आला नाही. त्यानंतर होडी माझ्या हाती आणि घर तिच्या हाती, असा उत्तनला आमचा कारभार चालला. होडीचा तांडेल मी, म्हणजे समुद्रात शेवटचा शब्द माझा. वाळूला पाय लागला की शेवटचा शब्द तिचा. हे मला तेव्हा आवडत नव्हतं आणि आता म्हातारा झालो म्हणून आवडलं असं मी लिहिणार नाही. मी दुसरीतून उठलेला माणूस. होतं तसं लिहितो.

तिचा एकच मुलगा, इनास. तो मोठ्या बोटीवर खलाशी होता. लढाईत जपान्यांनी सिंगापूर घेतलं तेव्हा त्याची बोट तिथल्याच बंदरात होती. मग खबर बंद. मुंबईच्या कचेरीत विचारलं, तिथेही कोणाला ठाऊक नाही. पादरी भले होते. त्यांनी एकदा हळूच विचारलं, "रेजीन, इनाससाठी मिस्सा सांगायची, ती जिवंताची की मयताची?" वहिनी म्हणाली, "ठरल तवा सांगीन, फादर. मधली असंल तर ती सांगा." चर्चमधली मिस्साची प्रार्थना जिवंतासाठी असते नाही तर मयतासाठी, मधली नसते. 

पुढे मनोरीचा एक खलाशी जपान्यांच्या हातून सुटून घरी आला. त्याने सांगितलं, जपान्यांचं रेडिओ ठेसन सांजेला हिंदुस्थानीत बोलतं आणि पकडलेल्या माणसांची नावं, गावं वाचतं. फादरांच्या रेडिओवर फक्त मुंबई लागायची. वहिनीने त्याच दिवशी ठरवलं, रेडिओ घ्यायचा आणि लांबचं ऐकणारा घ्यायचा.

मी आडवा आलो. आमची डोल, म्हणजे बोंबलाचं मोठं जाळं, फाटून चाळण झाली होती. मी म्हटलं, "वयनी, आधी डोल घे. पेटी काय खायला घालणार हाय?"

"डोलीत इनास येल का रं, पेद्रू?"

"रेडिओतून तरी येल का?"

"त्याचा नाव येल. मना तेवढा पुरं."

तिने पाटल्या मोडल्या. होडी घेऊन आम्ही भाऊच्या धक्क्याला लागलो आणि फोर्टात एका पारशी दुकानदाराकडे गेलो. त्याने पहिल्यांदा भला मोठा, आरशासारखा चकचकीत सेट लावला. आत कोणी बाई गात होती. "सुनो बाय, कितना साफ गाती है."

वहिनी म्हणाली, "शेट, मुंबय नको ऐकवू. मुंबयला मी पाटी घेऊन येते. लांबचा माणूस बोलव."

"लांबचा अभी दिन में नहीं आयेगा. सांज पडे तब."

"मंग सांज पडूं दे." आणि तिने दुकानाच्या पायरीवर बैठक मारली.

सांजेला शेटने एकेक सेट लावायला घेतला. वहिनीने मला हाताने धरून भिंतीकडे फिरवलं. "तू पाठ करून बस. पेटीतला बोलल ता जसाच्या तसा बोल. तुना कळला न्हाय तर पेटी नको." मला लाज वाटत होती. दुकानात दोन कोटवाले साहेब होते, त्यांच्यापुढे मी भिंतीशी बोलत बसलेला. पण वहिनीशी भांडायला ती जागा नव्हती.

चकचकीत सेटचा आवाज देवळाच्या घंटेएवढा, पण त्यात दोन ठेसनं एकमेकांच्या अंगावर पडायची. वहिनी म्हणाली, "हा मासळीबाजार हाय." दुसऱ्या सेटवर बोलणारा बरा लागला, पण वाक्य पुरं व्हायच्या आत सरकायचा. शेट सारखा काटा हलवून त्याला परत आणायचा. वहिनी म्हणाली, "याच्या मागं कोण धावल? नाव निघून जायाचा." तिसऱ्यात घरघर फार. शेवटी शेटने खालच्या फळीवरून एक बुटका, ओरखडे पडलेला, बॅटरीवर चालणारा सेट काढला. आवाज बारीक होता. पण मी भिंतीकडे बघून सगळं बोलत गेलो, गावांच्या नावांसकट.

"हाच," वहिनी म्हणाली. "याच्यात माणूस एकटा बोलतोय."

शेट हसला. "बाय, तू मेरा सबसे कुरूप सेट ले जाती है, लेकिन बराबर ले जाती है." मग तांब्याची उघडी तार देत म्हणाला, "आधा काम पेटीचा, आधा काम तारेचा. बाहेर उंच बांधो. कुठे टेकायची नाही, ओलं लागायचं नाही. ओलं लागलं का पेटी बहिरी."

घरी येताना सेट तिच्या मांडीवर, गोधडीत. पाण्याचा शिंतोडा आला की ती मला असा डोळा दाखवायची की जणू मीच समुद्राला लाथ मारली.

उत्तनला उंच जागा म्हणजे बोंबील वाळवायच्या वलांड्या. उभे बांबू आणि त्यांना एकावर एक आडव्या दोऱ्या. बांबूंच्या वरच्या टोकांना, सगळ्या दोऱ्यांच्या वर, मी तार ताणली. पहिल्याच सांजेला लांबचं ठेसन लागलं. पंजाबची नावं आली, मद्रासची आली. उत्तनचं आलं नाही. वहिनी रोज पाठ करून बसली. मी शेजारी बसून ऐकलेलं बोलायचो.

मग आमच्या चर्चचा सण आला. सणाच्या आदल्या दिवशी आमच्या फाटक्या डोलीतही बोंबील मावेना. किनाऱ्यावरच्या सगळ्या बायका कामाला लागल्या. बोंबील वाळत घालायचे म्हणजे दोघांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि जोडी दोरीवर टाकायची. हात आपोआप चालतात, बघावं लागत नाही. सांजेला वहिनी हात धुऊन रेडिओपाशी बसली तर आत नुसती गुरगुर. काटा इकडे फिरवला, तिकडे फिरवला. काही नाही.

"बघ, म्हणत होतो ना, डोल घे," मी म्हटलं.

ती बाहेर गेली. मीही गेलो. वलांडीच्या वर, तांब्याच्या तारेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओले बोंबील लटकत होते. खाऱ्या पाण्याचे थेंब गळत होते.

मी विचारलं, "कोणी घातले?"

वहिनीने वर बघितलं. "एवढ्या घट्ट जोड्या कोण घालते गावात? मीच." घडवंची घेऊन एकेक जोडी तिने स्वतः काढली, मला हात लावू दिला नाही. तार पुसून आत येईपर्यंत ठेसन बंद झालं होतं.

सण होऊन काही दिवस गेले आणि वसईहून एक माणूस केळ्यांचा घड खांद्यावर घेऊन किनाऱ्यावर उतरला. वाडीवाला, बस्त्याव नावाचा. दारात येऊन म्हणाला, "उत्तनच्या इनासची आय कोण?"

वहिनी उठली नाही.  "मीच. बोल."

"बाय, तुझा पोर जिता हाय. सणाच्या आदल्या सांजंला माझ्या रेडिओवर नाव आलं. इनास, गाव उत्तन. बरा हाय, आयला सांगा, असं बोलला ठेसनवाला. तुमच्याकडं कोणी ऐकलं असंल-नसंल, म्हणून आलो."

मी वलांडीकडे बघितलं. वहिनीने बघितलं नाही. तिने पदराने तोंड पुसलं, त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "तुझा कोण हाय तिकडं?"

"पोरगाच. मिंगेल. त्याचं नाव अजून न्हाय आलं."

त्याला जेवू घालून वाटेला लावलं आणि ती तशीच फादरांकडे गेली. "फादर, जिवंताची सांगा."

मला वाटलं, आता झालं. मी म्हटलं, "वयनी, तुझी खबर आली. आता पेटी विकू आणि डोल घेऊ."

"त्यो माणूस वसईवरनं आला, पेद्रू. आपल्या पेटीत त्याचा पोर बोलला आणि आपण न्हाय ऐकला, तर? डोल फाटली हाय, तर शिव."

मी डोल शिवली. ती रोज सांजेला पाठ करून बसत राहिली, आता मिंगेलसाठी. जवळपासच्या गावाचं नाव आलं की ती स्वतः जाऊन सांगायची. लांबचं असलं की मी माझ्या वाकड्या अक्षरात कार्ड टाकायचो. दिवाळी गेली, नाताळ गेला. इस्टरच्या सुमारास एका सांजेला मी भिंतीकडे बघून बोलून गेलो, "मिंगेल, गाव वसई." मागे वळलो तर वहिनी चपला शोधत होती.

सकाळी वारा उलटा होता. मी म्हटलं, "आज होडी न्हाय निघणार. समुद्रातला शब्द माझा हाय."

"समुद्रातला तुझा," ती म्हणाली आणि भाईंदरच्या रस्त्याला लागली. तिथून खाडी ओलांडून पायी जाणार होती. तिचे गुडघे तेव्हाच गेलेले होते. चर्चच्या वळणापर्यंत मी तिला जाऊ दिलं. मग हाक मारली, "चल, वयनी. शीड बांधतो."

लढाई संपली. इनास आला, नुसती हाडं उरलेला आला, पण आला. मिंगेल त्याच्या मागच्या बोटीने आला. रेडिओची बॅटरी मेली, ती पुन्हा कोणी भरली नाही. पण तार वहिनीने काढू दिली नाही. बोंबलाच्या दिवसांत बायका वर हात नेऊ लागल्या की ती आतून ओरडायची, "वरची सोडून."

स्वातंत्र्यानंतर दोन-तीन पावसाळे गेले आणि ती अंथरुणाला लागली. शेवटच्या दिवशी इनास पायाशी होता, फादर उशाशी होते. बाहेर मासळी मोप आली होती, बायकांची गडबड ऐकू येत होती. तिने भिंतीकडे तोंड केलं होतं. मला वाटलं, झोपली. मग म्हणाली, "पेद्रू, तारेवर काय हाय का?"

मी दारात जाऊन बघितलं. खालच्या सगळ्या दोऱ्या बोंबलांनी भरल्या होत्या.

"न्हाय, वयनी," मी म्हटलं. "मोकळी हाय."