पंधरा गोळ्या आणि मग थांबा

आमच्यापैकी कुणीतरी चहाचा मग पुन्हा त्या पुंगळीवर ठेवलाय. नाव घेत नाही, पण ज्यानं ठेवला त्याला ते माहीत आहे. जपानी युद्धनौकेवरच्या विमानविरोधी तोफेची पाच इंची पितळी पुंगळी. महायुद्धानं आणि समुद्रानं तिचं काही बिघडवलं नाही. आता तिच्या बुडावर चहाचा गोल डाग आहे.

दारूगोळ्याजवळ काम केलं की असे किस्से साठत जातात. स्फोट कधीच होऊन गेलेले असतात, उरलेल्या भानगडी सगळ्या माणसांच्या असतात. नॉटिंगहॅमजवळचं आमचं नौदल संग्रहालय छोटं आहे आणि समुद्रापासून भरपूर लांब आहे. का, तर ज्यानं ते काढलं त्याचं गोदाम इथं होतं. मी पुण्यात इतिहास शिकले, इथे मास्टर्स केलं आणि आता याच संग्रहालयात असिस्टंट क्युरेटर आहे. माझा व्हिसा या नोकरीला टांगलेला आहे, हे फक्त ध्यानात असू द्या.

*

आमच्याकडे एक नियम आहे. कुणी जुना गोळा दान करायला आणला की त्याला हात लावायचा नाही. सगळ्यांनी कार पार्कमध्ये जायचं आणि ब्रायननं पोलिसांना फोन करायचा. ब्रायन म्हणजे आमचा सर्वांत जुना व्हॉलंटियर, रिटायर्ड इंजिनिअर.

शलाका आमची डिझायनर. जन्म लंडनमधल्या स्टॅनमोरचा, आई-बाबा ठाण्याचे. तिनं पंचवीस मिलिमीटरच्या जपानी काडतुसाची प्रतिकृती थ्री-डी प्रिंटरवर बनवली. गंज रंगवला, थोडी वाळू चिकटवली आणि वाळायला म्हणून रिसेप्शनच्या काउंटरवर ठेवून ती जेवायला गेली.

परत आली तेव्हा आम्ही सगळे कार पार्कमध्ये थंडीत उभे होतो आणि रस्त्याला पोलिसांची फीत लागली होती. लष्कराच्या बॉम्बशोधक पथकाचा एक कॉर्पोरल आत जाऊन, ते काडतूस दोन बोटांत धरून बाहेर आला.

"प्लॅस्टिक आहे," तो म्हणाला. "पण गंजाचं काम सुंदर आहे. कुणी केलं?"

शलाका अजूनही त्याला आपला पहिला समीक्षक मानते.

*

जपान्यांचा एक खास गोळा होता. युद्धनौकेच्या मोठ्या तोफांतून विमानांवर डागायचा. आत पेटणाऱ्या शेकडो नळ्या. हवेत फुटला की आगीचा मोठा पंखा उघडायचा आणि विमानांचा अख्खा थवा त्यात सापडेल अशी कल्पना होती. दिसायला तो भव्य होता. वैमानिक त्याच्या आजूबाजूनं निघून जात. शिवाय मोठ्या तोफांच्या नळ्या त्यानं झिजत, ते वेगळंच.

ब्रायन हे सगळं शलाकाच्या बाबांना समजावून सांगत होता. ते एका रविवारी लेकीचं काम बघायला आले होते. आयुष्यभर लंडनमध्ये अकाउंट्स केलेला माणूस.

"पण उपयोग होत नाही हे कळल्यावर बंद का नाही केला?" त्यांनी विचारलं.

"कारण तो फार प्रभावी दिसायचा," ब्रायन म्हणाला.

बाबांनी मान डोलावली. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "आमच्या ऑफिसात अशाला स्ट्रॅटेजी म्हणायचे."

*

आता मुख्य गोष्ट. माझी तोफ.

जपानी नौकांवर सगळीकडे दिसायची ती पंचवीस मिलिमीटरची तोफ. तिच्या मॅगझिनमध्ये पंधरा गोळ्या मावत. काही क्षणांत त्या संपायच्या. मग तोफ गप्प. कुणीतरी रिकामं मॅगझिन काढायचं आणि दुसरं, चांगलं जड, वर चढवायचं. तेवढ्या वेळात विमान काही थांबत नसे. उघड्या डेकवर हे करणारी पोरं माझ्या धाकट्या भावाच्या वयाची होती आणि ढिगानं मेली.

मला लोकांना हे वाचायला द्यायचं नव्हतं, करायला द्यायचं होतं. म्हणून आम्ही फायबरची तोफ केली आणि खऱ्या वजनाची मॅगझिन्स. समोरच्या भिंतीवर विमान येताना दिसतं. एकानं नेम धरायचा, दुसऱ्यानं भरायचं. जिंकता येत नाही. विमान येतंच.

प्रोग्रॅम निखिलनं लिहिला. तो नागपूरचा, नॉटिंगहॅममध्येच एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि शनिवारी आमच्याकडे फुकट राबतो. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "लेव्हल टू कधी उघडायची?"

"लेव्हल टू नाहीये."

"मग प्लेयरनं करायचं काय?"

"मरायचं."

"असं कसं गं," तो म्हणाला. "मग रिव्ह्यू चांगला कसा येणार?"

*

भिंतीवरची पाटीही मीच लिहिली. साम्राज्यवाद, शस्त्रउद्योग, सत्तेला स्वस्त पडणारे तरुण देह, सगळं होतं तिच्यात. ब्रायननं शांतपणे वाचली आणि पेन्सिल मागितली. खोडत खोडत शेवटी दोन वाक्यं ठेवली: 'ही तोफ थांबत थांबत चालायची. विमान थांबत नसे.'

"आणि साम्राज्यवाद?" मी विचारलं.

"तो दुसऱ्या मॅगझिननंतर खांद्यात जाणवतो," ब्रायन म्हणाला.

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. पाटी मात्र तीच आहे.

*

मग जेफ्रीचा मेल आला. जेफ्री आमच्या विश्वस्त मंडळाचा अध्यक्ष. मेल सभ्य होता. येणाऱ्यांची निराशा होऊ नये, विमान पाडता आलं पाहिजे, शक्य असल्यास स्फोटाच्या आवाजासह. मंडळ शुक्रवारी येऊन पाहील आणि निर्णय घेईल.

मी राजीनामा लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला. खोटं दाखवायचं असेल तर मी इथे कशाला हवी? निखिल म्हणाला, "आणि व्हिसा? पुण्याला जाऊन काय दाखवणार आहेस, ड्राफ्ट?" शलाका तिच्या स्टॅनमोरी मराठीत म्हणाली, "तू राजीनामा दिली तर मी पण जाणार." निखिल म्हणाला, तुला कोण पाठवतंय, तू स्टॅनमोरची आहेस.

आईला फोनवर सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. "पाडू दे की एखादं विमान," ती म्हणाली. "तुझं काय जातंय?"



*

शुक्रवारी मंडळ आलं. जेफ्री, खजिनदार, आणखी दोघे. सोबत पॅमेला नावाच्या एक वृद्ध बाई होत्या. त्या मंडळावर नाहीत. जेफ्री जाताना त्यांना डॉक्टरकडे सोडणार होता म्हणून आल्या होत्या. ब्रायननं त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. गप्पांत कळलं की त्यांचे वडील ब्रिटिश नौदलात वैमानिक होते. युद्धाच्या शेवटी पूर्वेकडे जपानी जहाजांवर हल्ले करायला जायचे.

जेफ्रीनं कोट काढून पॅमेलाबाईंच्या हातात दिला आणि नेम धरायला बसला. खजिनदार भरायला उभा राहिला. माझ्या खिशात फोन होता, फोनमध्ये ड्राफ्ट.

पहिल्यांदा विमान त्यांच्या डोक्यावरून गेलं तेव्हा जेफ्री हसला. दुसऱ्यांदा खजिनदाराच्या हातून मॅगझिन निसटलं. तिसऱ्यांदा कुणी हसत नव्हतं. जेफ्री ओरडत होता, "भर, भर, अरे भर ना!" खजिनदार लाल झाला होता. चौथ्यांदा नेम अगदी बरोबर जुळला होता. विमान समोर, मोठं, पंखांवरची ब्रिटिश वर्तुळं दिसण्याइतकं जवळ. आणि पंधरा गोळ्या संपल्या.

विमान गेलं. भिंत कोरी झाली.

जेफ्री घाम पुसत उठला. "दोन सेकंद," तो म्हणाला. "फक्त दोन सेकंद आणखी मिळाले असते, तर पाडलं असतं त्याला."

पॅमेलाबाईंनी कोट त्याच्यापुढे धरला.

"बरं झालं नाही मिळाले, जेफ्री," त्या म्हणाल्या. "माझा जन्म त्यानंतरचा आहे."