नकाशातली मोकळी जागा

गेल्या गुरुवारी ऑफिसात जेवणाचा डबा उघडला आणि कोकणातून सुमनमावशींचा फोन आला...

आमचं ऑफिस पडेगावला. समुद्र इथून कुठच्या कुठं, पण एका जुन्या बंदराच्या गावाचा कायापालट करायचं काम आमच्याकडे आलं होतं. धक्क्याची डागडुजी, जुन्या वखारीत म्युझियम, पर्यटकांसाठी पार्किंग... सर्व्हेला मी गेले होते. समुद्र एवढ्या जवळून पहिल्यांदाच बघत होते, त्यामुळे निम्मं लक्ष लाटांकडेच.

गेले ते ऐन आषाढात. मासेमारी बंद, होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या. धक्क्याला लागून मोठं सपाट मैदान होतं, गुडघाभर गवत वाढलेलं. मी टेप लावला, मापं घेतली आणि नकाशावर लिहिलं, 'मोकळी जागा'. साहेबांनी तिथं पार्किंग बसवलं. मला शाबासकीसुद्धा मिळाली.

त्याच दिवशी मला पावसात भिजताना बघून सुमनमावशींनी घरी नेलं होतं. कोळीवाड्यातलं त्यांचं घर मैदानासमोरच. सुकटीचं कालवण आणि तांदळाची भाकरी, दोनदा मागून खाल्लं मी. ही सुकट वाळते कुठं, एवढं विचारायचं मात्र सुचलं नाही...

फोनवर मावशी भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पाऊस संपल्यावर गवत काढून जमीन सारवायला बाया गेल्या, तर तिथं पेव्हर ब्लॉक बसत होते म्हणे.

"पोरी, तो आमचा खला हाय. आता मासली कुठं सुकवू?"

मी साहेबांना सांगितलं. नकाशा मंजूर झालाय, आता फार तर पुढच्या टप्प्यात बघू, म्हणाले. चूक माझी आहे असं मी लेखी दिलं. त्यांनी ते फाईलला लावलं... आणि काम चालूच आहे.

रविवारी गंगापूरला घरी गेले. राहवेना म्हणून अण्णांना, माझ्या वडिलांना, सगळं सांगितलं. मोबाईलमधला मैदानाचा फोटो त्यांनी मोठा करून बघितला.

"आखाडात आपल्या खळ्यावर तरी काय असतंय? गवतच की," ते म्हणाले. "तुला तरी कळाया पायजे व्हतं."

ज्वारीच्या खळ्यावर लोळत मोठी झालेली मी. पावसाळ्यात तिथंही गवत माजायचं, पण ती जागा मोकळी आहे असं आमच्या घरात कधी कुणाच्या मनातही आलं नाही. दुसऱ्याच्या गावात गेल्यावर मला तेवढंही दिसलं नाही, याची लाज वाटते.

मावशींना अजून फोन केलेला नाही. काय सांगणार?

त्या दिवशी फोन ठेवताना त्यांनी विचारलं होतं, जेवलीस का... मी हो म्हणाले. डबा तसाच घरी आणला.