तीन नंबरच्या बेडवरून दिसणारा डोंगर

"पेंटर, तुमचा ह्यो डोंगर अंगावर येतोय की वो."

मी शिडीवर होतो. वळून बघितलं तर तीन नंबरच्या बेडवरून गुरव्वा बोलत होत्या. वय साठीच्या पुढे. आठवड्यातून दोनदा मैंदर्गीहून सोलापूरला यायच्या. वॉर्डात सगळे त्यांना अव्वा म्हणायचे.

मी पूर्वी दुकानांचे बोर्ड रंगवायचो. फ्लेक्स आले आणि ते काम गेलं. आता भिंतींवर सीनरी काढतो. हे काम एका खासगी हॉस्पिटलच्या डायलिसिस वॉर्डात होतं. किडन्या थकलेल्या माणसाचं रक्त मशीनमधून साफ करून परत अंगात सोडतात, ते डायलिसिस. एका वेळेला चार तास लागतात. हातात सुया असतात, त्यामुळे हलता येत नाही. समोर दिसते ती फक्त भिंत.

त्या भिंतीसाठी डॉक्टरांनी मोबाईलवर एक फोटो पाठवला होता. मोठा डोंगर, हिरवा उतार, उतारावर शेतकऱ्याचं लाकडी घर. "अगदी असंच पाहिजे. पेशंटला फ्रेश वाटलं पाहिजे," म्हणाले. उग्र वासाचा रंग वापरायचा नाही आणि धूळ उडवायची नाही, या अटीवर मी नऊ दिवस राबलो. रविवारी उद्घाटन होतं. आज गुरुवार.

"अव्वा, चित्र आहे ते. अंगावर कसं येईल?"

"मला काय म्हाईत? बघितलं की छाती दडपतीया. लई जड हाय त्यो."

टेक्निशियन लता हळूच म्हणाली, "काका, मागच्या वेळी तासभर आधीच मशीन बंद करा म्हणून मागं लागल्या होत्या. दोन पेशंट तर डोळ्यांवर टॉवेल घेऊन पडतात."

मी डॉक्टरांच्या कानावर घातलं.

"अहो, त्यांना त्रास होत असतो, मग कशावरही चिडतात. तुम्ही फिनिशिंग करा."

खरं सांगतो, ते ऐकून मला बरंच वाटलं. गुडघे दुखत होते, काम संपवून घरी जायचं होतं.

दुपारची शिफ्ट सुटली, पेशंट गेले. माझी पाठ धरली होती. लता चादर बदलणार तेवढ्यात मी तिला थांबवलं आणि तीन नंबरच्या बेडवर जरा आडवा झालो. समोर बघितलं आणि झटकन उठून बसलो.

अव्वांचं बरोबर होतं.

चित्रात एक न दिसणारी रेघ असते. बघणाऱ्याचे डोळे जिथे, तिथे ती धरायची. आम्ही तिला आय लेव्हल म्हणतो. मी ती उभ्या माणसाच्या हिशेबानं पाच फुटांवर धरली होती. झोपलेल्या पेशंटचे डोळे असतात तीन फुटांवर. तिथून हिरवा उतार जमिनीसारखा दिसतच नव्हता, सरळ भिंतीसारखा उभा होता. घर आत्ता घसरून खाली येईल असं वाटत होतं. वर काळा डोंगर ओणवा. चाळीस वर्षं ब्रश हातात धरला, पण झोपून कोण बघणार, हा विचार कधी डोक्यात आला नव्हता.

डॉक्टर भडकले. "रविवारी पाहुणे येणार आणि तुम्ही आता पुसायला निघालात?"

"साहेब, एकदा बेडवर झोपून बघा."

"मला वेळ नाही." मग म्हणाले, "करा काय करायचं ते. अर्धवट राहिलं तर उत्तर तुम्ही द्यायचं."

घराच्या नुसत्या खिडक्यांवर माझे दोन दिवस गेले होते. रोलर फिरवला आणि पाच मिनिटांत घर गेलं. मग शुक्रवार-शनिवार जेवणापुरता उतरलो तेवढाच. रेघ तीन फुटांवर आणली. घर खाली घेतलं, उतार पसरट केला. डोंगर फिकट निळा केला, कारण लांबची वस्तू तशीच दिसते. वर भरपूर आभाळ सोडलं.

रविवारी पाहुणे भिंतीसमोर उभे राहिले. "डोंगर जरा बुटका झालाय, नाही?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

"उभ्यानं तसा वाटतो," मी म्हणालो. झोपून कोणी बघितलं नाही. वरच्या मजल्याची भिंतही मलाच मिळणार होती. तिथं पुढे फ्लेक्स लागला.

सोमवारी शिडी आणि रंगाचे डबे न्यायला गेलो. अव्वांचं मशीन नुकतंच सुरू झालं होतं. बराच वेळ त्या भिंतीकडे बघत राहिल्या.

"गेला की मागं," म्हणाल्या.

"आता बरं वाटतंय का?"

"बरं कसलं, सुया टोचल्यात. पन पेंटर, घराला दार कुटं हाय? आतली मानसं भायेर कशी येनार?"

घाईत दार राहूनच गेलं होतं. लता हसायला लागली. मी डबा उघडला आणि तिथंच खाली बसून दार काढलं. अव्वा सांगत होत्या, जरा उघडं ठेवा, जरा अजून. दार पुरं होईस्तोवर त्यांना झोप लागली. त्या दिवशी मशीन पूर्ण चार तास चाललं, असं लतानं नंतर सांगितलं.

आता नवीन काम घेताना मी आधी विचारतो, बघणारा उभा असणार, बसलेला की झोपलेला? गिऱ्हाईक हसतं. झोपलेला म्हणालं, तर मी चटई मागतो.