कुमुदताईंचं पुढे काय झालं

मृणालचा, माझ्या मुलीचा, फोन आला तेव्हा मी मरोळच्या ऑफिसात एका कुरिअरवाल्याशी वाद घालत होते. ती म्हणाली, "आई, भाईकाका उठत नाहीयेत." मी म्हणाले, "झोपू दे ना मग. दुपारचा रिपीट भाग बघत बसले असतील, उशिरा डोळा लागला असेल." ती म्हणाली, "तसं नाही गं आई…" माझ्या थोरल्या दिरांच्या जाण्याची बातमी मला ही अशी कळली, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी ती कळलीच नाही. मेट्रोत बसल्यावरही माझ्या डोक्यात हेच चाललेलं, की सकाळी ते म्हणाले होते, आज लवकर ये, आज मोठा भाग आहे. घाटकोपरला घरी पोचले तर दारात चपलांचा ढीग. भाईंना खुर्चीतून उचलून हॉलमध्येच चटईवर निजवलेलं. टीव्ही कुणीतरी बंद केला होता. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, त्यांना काही कळलंही नसेल. आता पाच-सहा आठवडे होऊन गेले, आणि मलाही काही नीट कळलेलं नाही. पण ते वेगळ्याच कारणाने, आणि तेच सांगायला बसले आहे.

त्यांचं नाव अनंत, पण घरात आणि बिल्डिंगमध्ये सगळ्यांचे भाई. माझ्या नवऱ्याचे, विजयचे, मोठे भाऊ. लग्न केलं नाही. का, ते विजयलाही ठाऊक नव्हतं. विचारलं की म्हणायचे, "राहून गेलं." मुलुंडच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला नोकरी झाली, निवृत्त झाले, आणि मग त्यांनी दोनच गोष्टी जीव लावून केल्या, टीव्ही आणि गाणी. गाण्याचं वेड लहानपणापासूनचं, पण गळा अजिबात नाही. बिल्डिंगच्या भजनी मंडळाने त्यांच्या हातात टाळ दिले आणि तोंड मिटून वाजवा म्हणून सांगितलं. भाईंनी ते हसत मान्य केलं आणि घरी येऊन सगळे अभंग मोठमोठ्याने गायले. टीव्हीवर मात्र त्यांचा राग फार. मालिकेचं शीर्षकगीत पूर्वी पूर्ण लागायचं, ते चॅनलवाल्यांनी चार ओळींवर आणलं, मग दीड ओळीवर, याचा त्यांना खरोखरचा त्रास व्हायचा. एखादं पात्र दचकलं की तिघांचे चेहरे तीन-तीनदा दाखवायचे आणि पाठीमागे धडाम धडाम वाजवायचं, तिथे ते आवाज बंद करून टाकत. गाण्याच्या स्पर्धेत मुलगा गायच्या आधी त्याच्या घरची गरिबी दाखवायला लागले की भाई चिडून थेट मालवणीत शिरत. "गाऊं दे मरे त्येका. ह्येंका काय कामधंदो नाय?" एरवी त्यांची मालवणी फक्त गावाहून फोन आला की ऐकू यायची. आणि त्यांचं आवडतं पात्र मालिकेत मारलं, तर दोन-दोन दिवस जेवण गोड लागायचं नाही. "ही लिहिणारी माणसं आहेत की खाटीक?" असं ते मृणालला विचारत. ती कानात हेडफोन घालून मान हलवायची.

मी लग्न होऊन आले तेव्हा भाई आणि मी फारसं बोलत नसू. थोरला दीर आणि धाकटी भावजय, काय बोलणार? चहा ठेवू का, आणि भाजी काय आणू, एवढंच. मग सातची एक नवी मालिका सुरू झाली आणि आम्ही दोघंही ती बघायला लागलो. एकदा भाई आम्हाला जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमालाही घेऊन गेले, मला आणि माझ्या आईला. वाकोल्याहून आईला त्यांनी स्वतः रिक्षाने आणलं. आई सगळा वेळ बारीक आवाजात गुणगुणत होती, पुढच्या रांगेतल्या बाईंनी दोनदा वळून पाहिलं, आणि भाई मला हळूच म्हणाले, "गाऊ दे त्यांना. माझ्यापेक्षा बऱ्या गातायत." पुढे मला मरोळला नोकरी लागली, घरी यायला आठ वाजायला लागले, सातची मालिका चुकायला लागली. पहिल्याच आठवड्यात मी कणीक मळत होते आणि भाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "तुझा भाग चुकला. सांगू?" मी म्हणाले, सांगा. तिथून जे सुरू झालं ते त्या दिवसापर्यंत चाललं.

ते सांगायचे फार छान. दाराच्या चौकटीला टेकून, हात पाठीमागे. जाहिराती गाळून, धडाम गाळून, आणि अधेमधे आपलं मत. मालिकेची नायिका चारुता, तिची सासू, नवरा, हे सगळे होते, पण भाईंचं खरं लक्ष चारुताच्या आईवर, कुमुदताईंवर. कुमुदताई आजारपणातून उठल्या, घरच्यांचा विरोध असताना सोसायटीच्या तळमजल्यावर मुलांसाठी गाण्याचा क्लास काढला. पहिल्या महिन्यात तीन मुलं, त्यातलं एक नुसतं खेळायला यायचं. कुमुदताईंना मॉलमधल्या सरकत्या जिन्याची भीती, त्यांनी नातीचा हात धरून तो कसा पार केला. कुमुदताई वॉचमनशी कशा भांडल्या आणि मग त्यालाच डब्यातला शिरा दिला. मी पोळ्या लाटत ऐकायची. ऑफिसात साहेब बोलले, पगारवाढ अडकली, मृणालचे मार्क कमी आले, काहीही असो, आठ वाजता कुमुदताई असायच्याच. विजय यायचा तोवर आमचं आटपलेलं असायचं. "काय चाललंय दोघांचं?" तो विचारी. भाई म्हणत, "तुला नाय कळणार. मागचं माहीत नाही तुला."

तेराव्यानंतर घर रिकामं झालं. एका संध्याकाळी मी लवकर सुटले आणि सातला टीव्ही लावला. मनात एवढंच होतं, की त्यांचा तो मोठा भाग आपण निदान पुढून तरी पकडू. चारुता होती, सासू होती. कुमुदताई नव्हत्या. वाटलं, आज त्यांचा प्रसंग नसेल. ऑफिसात सांगून आठवडाभर लवकर आले. गाण्याचा क्लास नाही, नात नाही, कुमुदताईंचं कुणी नावही घेईना. शेवटी लिफ्टमध्ये समोरच्या सावंत काकू भेटल्या, त्यांना विचारलं. त्या सगळ्या मालिका बघतात. म्हणाल्या, "चारुताची आई? ती तर कधीच गेली की गं. तीन वर्षं झाली असतील. हॉस्पिटलातच गेली." मी म्हणाले, "आणि तिचा गाण्याचा क्लास?" त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने बघितलं. "कसला क्लास? दुसऱ्या कुठल्या मालिकेतलं सांगतेस काय?"

रात्री जेवताना हे विजयला सांगितलं, तर त्याचा घास हातातच राहिला. "म्हणजे भाईचं डोकं…" मग म्हणाला, "आपण त्याला डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. तुला कधी जाणवलं नाही का? तुझ्याशीच तर बोलायचा तो." मी आठवायला लागले. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधायचे, पण ते मीही करते. एकदा मृणालला विजयच्या आत्याच्या नावाने हाक मारली होती. एकदा चहात मीठ. पण मग गावची माणसं, दुधाचं बिल, गाण्यांच्या चाली, यात कधी चूक नाही… चारेक दिवस आमच्या घरात हेच. विजय आपल्या भावाला नव्याने हरवून बसला होता, आणि त्या शोधात मला साक्षीदार करून ठेवलं होतं त्याने.

मग सावंत काकूच दारावर आल्या. त्यांनाही चैन पडलं नसावं. म्हणाल्या, "मला आठवलं बघ. तेव्हा मी महिनाभर लेकीकडे होते, गोवंडीला, तिच्या बाळंतपणात. आले तेव्हा सगळे चुकलेले भाग मला भाईंनीच सांगितले, लिफ्टपाशी उभं राहून. चारुताने आईला अग्नी दिला तो भागसुद्धा. डायलॉगसकट गं. सांगताना शिव्या घालत होते लिहिणाऱ्यांना." म्हणजे त्यांना माहीत होतं. विजय उठून बाल्कनीत गेला, आणि मला दिसलं की त्याचे खांदे जरा सैल झाले आहेत. माझा गोंधळ मात्र तिथून वाढला. काकूंना एक सांगितलं आणि मला दुसरं, ते कशासाठी?

चॅनलच्या ॲपवर जुने भाग असतात हे मला मृणालने सांगितलं. एका रविवारी आम्ही मायलेकी फोन घेऊन बसलो आणि मागे मागे जात राहिलो. मी भाईंचं सांगायची, ती भाग पुढेमागे करायची. जुळेना, जुळेना, आणि मग एका ठिकाणी जुळलं. कुमुदताई हॉस्पिटलात, अंगावर पांढरी चादर, चारुता काचेबाहेर. इथपर्यंत भाईंनी मला जसंच्या तसं सांगितलेलं. मृणालने पुढचे भाग लावले, आणि त्यात कुमुदताई गेल्या. मृणाल तारखा बघत होती. हळू आवाजात म्हणाली, "आई, हे आपण वाकोल्याला होतो तेव्हाचं आहे."

त्या दिवसांत माझी आई गेली होती. तीही हॉस्पिटलातच. दिवस करून मी घाटकोपरला परतले, ऑफिसला जायला लागले, आणि पहिल्याच संध्याकाळी भाई दारात येऊन उभे राहिले. ते मला त्या रविवारी लख्ख आठवलं. ते नेहमीसारखे टेकून उभे नव्हते, सरळ उभे होते. म्हणाले, "आली घरी कुमुदताई. जिना चढायचा नाही म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी. बाकी बरी आहे." मी कणकेच्या हातांनी तशीच खाली बसले आणि रडले. भाई गडबडले. पाण्याचा नळ उगीच चालू केला, बंद केला. "रडतेस कशाला गं," ते म्हणाले, "बरी आहे ती."

म्हणजे एकदा बरी आहे म्हणून सांगून बसले आणि मग तीन वर्षं तिला बरी ठेवत राहिले? रोज, रविवार सोडून? सुट्टीच्या दिवशी मी घरात असले की सात वाजता ते गाण्यांचं चॅनल लावत. "आज जुनाच भाग आहे," म्हणत, आणि मी कधी शंकाही घेतली नाही. हे सगळं माझ्यासाठी होतं असं म्हणावं, तर विजय म्हणतो, "तसं काही नाही. त्याला ते पात्र आवडायचं. तिला मारलेलं त्याला पटलं नाही, बस. तू होतीस ऐकायला." तो हे मला दुखवायला म्हणत नाही. त्याच्या भावाला तो माझ्यापेक्षा जास्त ओळखतो, आणि भाईंचं खाटीक वगैरे बोलणं मीही ऐकलेलं आहे. आणखी एक आहे. माझी आई रिक्षात बसताना आधी पिशवी आत ठेवायची, मग स्वतः चढायची. एकदा पिशवी ठेवली आणि रिक्षा पिशवी घेऊनच निघून गेली. कुमुदताईंचंही अगदी तसंच झालं होतं, आणि ते ऐकताना मी लाटणं खाली ठेवून हसले होते. पण भाईंना आईची गोष्ट मी आधी सांगितली होती, की त्यांचं ऐकून मग मी म्हणाले, अहो, माझ्या आईचंही असंच झालं होतं? मी किती वेळा आठवून बघितलं. कधी असं वाटतं, कधी तसं. एवढं मात्र पक्कं आठवतं, की त्या संध्याकाळी मी म्हणाले होते, "भाई, या लिहिणाऱ्यांना कसं काय सुचतं हो हे?" आणि आयुष्यभर लिहिणाऱ्यांना शिव्या देणारे भाई खाली मान घालून म्हणाले होते, "बरे लिहितात हल्ली."

ते गेले त्या दिवशीचा भागही मी ॲपवर बघितला. मोठं असं काहीच नाही त्यात. मेंदीचा कार्यक्रम, अर्धा तास. मग त्यांच्या मनात त्या दिवशी काय मोठं व्हायचं होतं? कुमुदताईंच्या क्लासचा कार्यक्रम ठरत होता, एवढं मला माहीत आहे. की आता पुरे झालं, आता हिला सांगून टाकू, असं त्यांनी ठरवलं होतं? कुमुदताईंना नेणार होते का त्या दिवशी? की गाणं म्हणायला उभं करणार होते? कुणाला विचारणार…

आता मी सातच्या सुमाराला घरी असते. ऑफिसने वेळ बदलून दिली आहे. मालिका लावते, मृणालही शेजारी येऊन बसते, फोन बाजूला ठेवून. परवाच्या भागात चारुताने दिवाळीच्या सफाईत आईचा फोटो भिंतीवरून उतरवला, काच पुसली, चंदनाचा हार सारखा केला, आणि त्याच्यासमोर उभी राहून रडली. मागे जोरात व्हायोलिन. मी बघत होते आणि मला नुसतं चुकल्यासारखं वाटत होतं. या बाईला हार का घातलाय? हिच्या क्लासच्या कार्यक्रमाची तालीम चालली असेल आता, तळमजल्यावर, एक मूल खेळतंय, बाकीची गातायत. मृणाल माझ्याकडे बघत होती. "आई, काय झालं?"

"काही नाही गं," मी म्हणाले. "यांना मागचं माहीत नाही." आणि कुकर लावायला उठले.