नारळ मागच्या चाकाकडे

टायरच्या दुकानातला नव्या रबराचा वास आला, की मला साठ सालच्या सुमाराचं आमचं मालवणचं अंगण दिसतं. दादा मला मोटरसायकलवरून आंबोली घाटातून बेळगावच्या कॉलेजात सोडणार होता. मागचा टायर पार गुळगुळीत झाला होता आणि नवा एकच मिळाला होता.

"नवो फुडे घाल," बाबा म्हणाले. "नारळ फुडल्या चाकाकडे फोडतत. देवाक जुनो टायर दाखवतलंस?"

कॉन्व्हेंटच्या शिस्तीत गप्प बसायला शिकलेली मी घरात फारशी बोलत नसे. त्या दिवशी मात्र मी म्हणाले, "मगे नारळ मागे फोडा. माका ट्रंक घेवन मागेच बसाचा आसा."

"बाबानू, हिका वाचा फुटली!" दादा हसला आणि मागचं चाक खोलायला बसला.

तेव्हा वाटलं, घाटाला घाबरून मी बोलले. पण घाबरलेली मुलगी घरीच राहिली असती.