वाघोबाच्या ओट्यावरचे दगड

खोंडवाडीचे कोंडाजी तसे शेतकरीच. दीड एकर भात, दोन बैल आणि घरामागे वालाचा तुकडा. पण बदलापूरपासून वांगणीपर्यंत कुणी त्यांना शेतकरी म्हणून ओळखत नसे. ते गडाचे कोंडाजी. भिवाईच्या गडावर देवांची सात ठाणी होती. पायथ्याच्या वाघोबापासून वरच्या गुहेतल्या भिवाईपर्यंत लोकांना ती ओळीनं आणि नेमानं दाखवून आणायची, हे त्यांच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आलेलं काम होतं. कुठल्या दगडात देव आहे आणि कुठला नुसताच दगड आहे, हे बाहेरच्या माणसाला कळणं कठीण. शेंदूर दर पावसाळ्यात धुऊन जाई. कोंडाजींना मात्र पायांनी कळे.

पूर्वी फेरीला आसपासच्या गावांची माणसं येत. अंबरनाथला कारखाने वाढले, साहेबलोकांच्या वसाहती झाल्या, तसे थंडीतल्या रविवारी तिकडचे लोकही येऊ लागले. कॅनव्हासचे बूट, पाण्याचे थर्मास, बायकांच्या हातात पूजेच्या पिशव्या. कोंडाजी सगळ्यांना एकच नियम सांगत.

"वढ्यातला एकेक दगड उचला आनी वाघोबाच्या वट्यावर ठेवा. उतरलात की आपला दगड आपन उचलून परत वढ्यात टाकायचा. दुसऱ्याच्या दगडाला हात लावायचा नाय."

ओट्यावर दगड उरला की माणूस गडावर उरला, असा त्याचा अर्थ. ओट्याच्या कोपऱ्यात एक काळा दगड कायमचा होता. कोंडाजींच्या बापाच्या वेळी कल्याणचा एक माणूस वर राहिला होता. तिसऱ्या दिवशी घारी कुठं फिरतात ते बघून तो सापडला. त्याचा दगड कुणी उचलला नाही. बापानं मरताना कोंडाजींना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. म्होरक्यानं चढताना पुढं असावं आणि उतरताना सगळ्यांच्या मागं. आणि त्या काळ्या दगडाला दुसरा सोबती येऊ देऊ नये. कोंडाजींनी तीस वर्षं येऊ दिला नव्हता. त्यांच्याजवळ अभिमान म्हणावा असं तेवढंच होतं.

छप्पन सालच्या पावसाळ्यानंतर त्यांचे डोळे अधू होऊ लागले. दिवसा ठीक असे. ऊन कललं की डोळ्यांपुढे राख भुरभुरल्यासारखं होई आणि माणसांचे चेहरे पुसले जात. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. परतल्यावर ओट्यावरून हात फिरवायचा. हाताला काळा दगड एकटा लागला की काम झालं. मोजायला डोळे कशाला हवेत, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

त्या मार्गशीर्षातल्या रविवारी अंबरनाथहून अकरा जण आले. कारखान्यातले श्यामकांत, त्यांची धाकटी बहीण वृंदा, शेजारपाजारचे लोक आणि या भावंडांची विधवा आत्या बनूबाई. आत्या साठीच्या पुढच्या. पाठ ताठलेली, वाकता येत नसे, पण चालायला काटक. ओढ्यातला दगड त्यांना वृंदानं उचलून दिला. करडा, मधून पांढरी रेघ गेलेला.

निघण्याआधी त्या कोंडाजींच्या ओटीवर टेकल्या. कोंडाजींची बायको रखमाबाई ताक घुसळत होती.

"आत्ता नको हो," बनूबाई म्हणाल्या. "पोट जड झालं तर देवी वर बोलवायची नाही. उतरले की पिईन. ठेवाल ना माझ्यासाठी?"

"ठेवीन की. पन बेगीन या. परवा शेजारच्या कौसाबाईची शेळी नेलीन."

"कुणी नेली?"

रखमाबाईनं नाव घेतलं नाही. गडाकडं नुसती मान वळवली.

कोंडाजींचा पुतण्या नाथा अंगणात बिडी ओढत बसला होता. तो अंबरनाथला पाळीवर कामाला जाई; त्या दिवशी सुट्टी होती. "काका, वाघोबाला सांगा जरा," तो म्हणाला. "शेंदूर तुम्ही लावताव आनी शेळी आमची जाते."

"तू कदी नारळ दिलास काय त्याला?" कोंडाजी म्हणाले आणि काठी घेऊन निघाले.

चढण नीट झाली. दरवाजाजवळची जाखमाता झाली, कोरड्या टाक्यावरचा म्हसोबा झाला. पण एका शेजाऱ्याच्या बुटाचा तळ सुटला, दोऱ्यानं बांधण्यात वेळ गेला. भिवाईच्या गुहेशी पोचेपर्यंत ऊन पिवळं पडलं होतं. वारा अजिबात नव्हता. गुहेवरच्या झाडावर एरवी माकडं असत; आज एकही नव्हतं. कोंडाजींनी ते पाहिलं आणि आपल्याशीच ठेवलं.

परतीला दोन घोळके झाले. श्यामकांत आणि चार जण बदलापूरची बैलगाडी गाठायला अलीकडच्या वाटेनं आधीच सटकले. उरलेले वांगणी स्टेशनापर्यंत पायी जाणार होते. बनूबाई गुहेत माळ ओढत बसल्या होत्या. वृंदा बोलवायला गेली तेव्हा त्या म्हणाल्या, "तू हो पुढं. माझी माळ राहिलीय थोडी. मी श्यामबरोबर उतरते." श्याम निघून गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. आणि वृंदाला वाटलं, दादा अजून गुहेमागच्या देवळीपाशी आहे.

या वेळी कोंडाजी मागं असायला हवे होते. पण राख उतरायला लागली होती. अंधारण्याआधी अवघड उतार पायांखालून जावा म्हणून ते पुढं झाले. तीस वर्षांत पहिल्यांदा.

खाली आल्यावर ते ओढ्यावर पाय धुवायला गेले. तेवढ्यात वृंदा ओट्याशी आली. तिथं पुढं गेलेल्यांचे दगड नव्हते, दादाचाही नव्हता, पण पांढऱ्या रेघेचा दगड होता. दादा दुसऱ्या वाटेनं आत्याला घेऊन आपल्याआधीच उतरला असणार, आणि वाकता येत नाही म्हणून आत्यानं दगड तसाच ठेवला असणार, असं तिच्या मनात आलं. प्रेमानं तिनं तो उचलला आणि आपल्या दगडाबरोबर ओढ्यात टाकला.

कोंडाजींनी ओट्यावरून हात फिरवला. काळा दगड एकटा होता.

"समदे उतरले," ते म्हणाले.

मंडळी वांगणीच्या वाटेला लागली. कोंडाजी घरी येऊन खांबाला टेकले. रखमाबाई दारात उभी होती, हातात झाकलेला लोटा.

"त्या बाई कुठं हायेत?"

"गेल्या गाडीनं."

"ताक न पिता? मी ठेवलंय त्यांना ठावं हाय. तशी बाय न्हवं ती."

"आगं, दगड नाय वट्यावर."

"दगडाचं मला सांगू नका. तुमी तिला उतरताना बघितलंव का?"

हा प्रश्न आपण स्वतःला तीन महिने विचारला नाही, हे कोंडाजींना तेव्हा कळलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "रखमे, मला दिसत नाय. सांजचं काईच दिसत नाय."

रखमाबाईनं लोटा खाली ठेवला आणि नाथाला हाक मारली.

नाथानं कंदील घेतला. थट्टा करायला त्यानं तोंड उघडलं होतं. काकांचा चेहरा पाहून मिटलं. त्याला डोळे होते पण टाक्यापुढची वाट माहीत नव्हती. कोंडाजींना वाट माहीत होती पण डोळे नव्हते. पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हातारा चढू लागला. "आता डावीकडं. इथं कडा हाय, आत धर." टाक्यापाशी नाथा थांबला. मऊ धुळीत पाऊल उमटलं होतं, ताजं, पसरट, माणसाचं नव्हे.

"काका."

"वास आला मला," कोंडाजी म्हणाले. "चल."

वर जाताना त्यांनी एकदाही हाक मारली नाही. हाकेला उत्तर आलं नाही तर पुढं पाय उचलणार नाहीत, अशी त्यांना भीती होती.

बनूबाई गुहेच्या तोंडाशी बसल्या होत्या. पाय मुरगळला होता. माळ हातात होती आणि डोळे समोरच्या कारवीच्या झुडपांवर खिळले होते. तिथं काहीतरी मघापासून हललं नव्हतं, आणि गेलंही नव्हतं. नाथानं कंदील वर धरून दगड भिरकावला तशी कारवी एका बाजूला सरसरली.

"मी भ्याले नाही," बनूबाई म्हणाल्या. "खाली माझा दगड आहे ना. म्हटलं, तुम्ही येणारच."

नाथानं कंदील बनूबाईंच्या हाती दिला. मग त्यांना पाठीवर घेतलं.

ओढ्याशी पोचल्यावर कोंडाजी चाचपडत पुढं झाले आणि त्यांनी पाण्यातला एक दगड उचलून गुपचूप ओट्यावर ठेवला. बनूबाईंनी तो मागून घेतला, कंदिलाशी धरला.

"हा माझा नव्हे. माझ्यावर पांढरी रेघ होती."

"अंधारात तसं दिसतं, बाई," नाथा म्हणाला.

"नाय," कोंडाजी म्हणाले. "तुमचा कुनीतरी उचलला. मी हात फिरवला आनी समदे उतरले म्हनालो. मी मागं नव्हतो."

बनूबाईंनी विचारलं, "मग तुम्हांला कळलं कसं?"

"तुम्ही ताक प्यायला आला नाय. तिनं वळखलं."

बनूबाईंनी तो दगड ओढ्यात टाकला नाही. नाथाच्या पाठीवरूनच हात लांब करून काळ्या दगडाशेजारी ठेवला. "हा राहू द्या इथं," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर कोंडाजींना बरं वाटलं असतं.

रखमाबाईच्या ओटीवर त्यांनी ताक प्यायलं, लोटा पालथा घातला आणि मगच, आत्या घरी पोचली नाही हे कळून श्यामकांत जी बैलगाडी घेऊन आले होते, तिच्यात बसल्या.

कोंडाजी पुन्हा गडावर चढले नाहीत. फेरी नाथा नेऊ लागला, उतरताना शेवटी. ओट्यावर दगड ठेवायचा नियम चालू राहिला, पण मोजणी त्यावर राहिली नाही. उतरलेल्या प्रत्येकानं रखमाबाईच्या हातून ताक घ्यायचं, तिच्यासमोर प्यायचं, तोंडावरून तिनं ओळखायचं. शेवटचा लोटा परत आला की ती आतून "झालं" म्हणे. ते ऐकल्यावर कोंडाजी ओट्याशी जात आणि दोन दगडांवरून हात फिरवत. दोनच आहेत ना, हे बघायला.