तिसऱ्या कव्हराखाली

गाड्यांची सीटकव्हरं शिवणाऱ्या त्या बाईला सगळा बाजार गादीवाली म्हणायचा. जुन्या गाड्या विकणाऱ्या शेठच्या आवाराला चिकटून तिचा पत्र्याचा गाळा. जाड सुईचं एक मशीन, लांब फळी, भिंतीला टेकवलेले रेक्झिनचे गुंडाळे. नवरा लवकर गेला. याच मशीनवर तिनं लेकीला वाढवलं, नर्स केलं. तोंडानं फटकळ. "गाडीवाल्याचं तोंड काय सांगतं ते ऐकू नये, बूड काय सांगतं ते बघावं," म्हणायची. सीटवर तळवा दाबला की त्या गाडीवर माणूस किती वर्षं बसलाय, ते तिला कळायचं.

शेठकडच्या सीटा तिच्याकडेच यायच्या. तिकडं मीटरचा आकडा मागं फिरतो, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण "मला काय करायचंय? मी शिवते," एवढ्यावर तिनं वीस वर्षं काढली. जुनं कव्हर उसवण्यात वेळ जातो, म्हणून त्याच्यावरच नवं चढवायचं. खचलेल्या जागी स्पंजचा तुकडा कोंबायचा. आणि आतल्या कडेला लाल दोऱ्याचे तीन टाके, काम आपलं असल्याची खूण.

लेकीनं आईला न सांगता गाडी घेतली, तीही दुसऱ्या गावातनं. तिची नोकरी लागलेलं नवं इस्पितळ डोंगरापलीकडं, रोज जाऊन येऊन करायचं.

"एकाच डॉक्टरची होती गं आई. चाळीस हजार किलोमीटर फक्त!"

"दे ती ड्रायव्हरची सीट. कव्हर माझ्याकडनं."

"दुपारी निघायचंय हं. पिंकीला पण नेतेय, इस्पितळ दाखवायला."

पिंकी म्हणजे चार वर्षांची नात. ती रेक्झिनच्या गुंडाळ्यावर घोडा घोडा करत बसली.

लेकीच्या गाडीला निदान धड काम करावं, म्हणून गादीवालीनं त्या दिवशी पहिल्यांदाच कव्हर उसवायला घेतलं. करड्याखाली काळं निघालं. चाळीस हजाराला दोन कव्हरं? तिनं काळंही उसवलं. खाली बदामी. बदामीच्या आतल्या कडेला लाल दोऱ्याचे तीन टाके.

तिचंच काम. बदामी उचललं तर खाली चिकटपट्टीनं चिकटवलेला स्पंजचा तुकडा, आणि तो काढल्यावर एवढा खड्डा, की त्यात तिची मूठ गेली.

ती तशीच उठली, शेठच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली. गाडीचा नंबर सांगितला.

शेठनं दात कोरता कोरता आठवलं. "ती होय? भाड्यानं पळायची की, दिवसरात्र. दोन लाखाच्या वर गेली असेल. तीन वर्षांपूर्वी आपल्याकडनं गेली."

"आणि मीटर?"

"मावशी, काटा मी फिरवला, पुढं आणखी कुणी फिरवला असेल. पण खड्डा कुणी बुजवला?" तो हसला. "तुमचं कामच झकास. गिऱ्हाईक बसलं की उठत नाही."

गाळ्यात लेक चुळबुळत होती. "झालं का गं? सीट दे, निघते."

"सीट मिळायची नाही."

"म्हणजे? पाटावर बसून चालवू?"

"दोन लाख पळालीय ती. इंजिनातला पट्टा लाख किलोमीटरला बदलतात. बदललाय का?"

"चाळीस हजाराला कोण बदलतं? आणि तुला गं काय माहीत किती पळालीय?"

गादीवालीनं बदामी कव्हर उलटं करून तिच्यापुढं धरलं. लाल टाके लेकीनं लहानपणापासून बघितले होते. दोरा तीच ओवून द्यायची.

शेजारच्या मेस्त्रीनं इंजिनाच्या पट्ट्यावरचं झाकण उघडलं. पट्ट्याला भेगा, दोन दात गळलेले. त्यानं बोटानं नुसता चेपला, तर आणखी एक तुकडा हातात आला. "उतारावर हा तुटला असता ना ताई, तर इंजिन बंद. ब्रेक लाकडासारखा, स्टेअरिंग जड." त्यानं पिंकीकडं बघितलं.

लेकीनं बदामी कव्हर पुन्हा हातात घेतलं. मग हळूच म्हणाली, "आई, या आठवड्यात किती सीटा दिल्यास?"

तेवढ्यात शेठच्या फाटकातनं निळी गाडी बाहेर पडली. खिडकीत बदामी कव्हर दिसलं, तिनं परवाच शिवलेलं. त्याही सीटमध्ये स्पंज कोंबला होता, तळहाताएवढा जाड. मागं दोन पोरं काचेला नाक लावून बसलेली.

गाडीनं डोंगराच्या बाजूला वळण्याचा दिवा लावला.

"अहो, थांबा!" गादीवाली पळत सुटली. हातात तसंच उसवायचं पातं. चप्पल निसटली, ती सोडून पळाली. मागच्या पोरांना गंमत वाटली. अनवाणी पळणाऱ्या म्हातारीला त्यांनी हात हलवून दाखवला, आणि गाडी वळली.